घास भरवणेही सेवाच

आंबवड्यातील काही तरुण अपंग मुलांसाठी वेळ द्यायला तयार आहेत. मी म्हणतो, आधी भरवायला शिका, तेही मुलाच्या आईकडून. मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली. पण खेड्यात रोजचा भार आईवरच असतो. तिची तब्येत कोण विचारतो?

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाला आडवे ठेवून भरवू नये. घास श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. मुलाला आधाराने ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी. मऊ भात, नाचणीची दाट पेज लहान चमच्याने द्यावी. पाण्याने ठसका लवकर लागतो. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नको. अर्धा तास लागला तरी चालेल. वारंवार ठसका लागला, छाती घरघरली तर भरवणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.