आहे त्या मूडमध्ये काय करावं

वसई गाव

चि. सायली,


वसई किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चचं ड्रॉइंग अर्धवट पडलंय आणि तू ‘मूडच लागत नाही’ म्हणून टेबलाकडे फिरकत नाहीस, असं ताई म्हणाली. मूडची वाट बघू नकोस. आज आहे त्या मूडमध्ये कोणतं काम नीट होईल, तेवढं बघ.

१९८७ साली अ‍ॅलिस आयसेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांचं खोकं द्यायचं. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की खाली मेण सांडता कामा नये. खोकं रिकामं करून भिंतीला टाचायचं आणि मेणबत्ती त्यात उभी करायची, हे उत्तर. सोपं आहे, पण चटकन सुचत नाही. आधी थोडा वेळ विनोदी फिल्म पाहिलेल्यांपैकी इतरांपेक्षा कितीतरी जास्त जणांना ते सुचलं.

उलट सिडनीतल्या एका दुकानात जोसेफ फोर्गास या मानसशास्त्रज्ञांनी काउंटरवर बारीकसारीक वस्तू मांडल्या आणि बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांना काय काय दिसलं ते विचारलं. पावसाळी दिवशी, दुकानात उदास संगीत चालू असताना, लोकांना जास्त वस्तू आठवल्या. खट्टू मन काही गृहीत धरत नाही, नीट बघतं.

तेव्हा नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरलं, लोकल रखडली आणि तू भिजून, वैतागून घरी आलीस, की त्या संध्याकाळी ‘या वास्तूचं पुढे काय करता येईल’ हा कागद उघडू नकोस. मापं तपासायला बस. भिंतीची जाडी प्लॅनमध्ये एक आणि सेक्शनमध्ये दुसरी पडली असेल, तर ती त्याच दिवशी सापडेल. मैत्रिणींबरोबर खिदळून आलीस, तर लगेच पाच-सहा रफ स्केचेस काढ, खोडरबर न घेता. ती मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ. खुशीत सगळंच छान वाटतं.

हे काही दरवेळी असंच घडेल असं नाही, पण कल साधारण असा असतो. आणि दोन आठवडे कशातच गोडी वाटली नाही, झोप-जेवण बिघडलं, तर तो नुसता मूड नव्हे. मग ड्रॉइंग राहू दे, ताईला सांग. आपण डॉक्टरांकडे जाऊ.

रविवारी पाऊस उघडला तर टेपचं दुसरं टोक धरायला मी किल्ल्यात येतो. तोवर कमानींची मापं तपासून ठेव.

तुझा,
मामा