लांबलेली आकडी आणि रक्ताचा रिपोर्ट

गेल्या पावसाळ्यात एका घरी आजाऱ्याच्या भेटीला गेलो होतो. नऊ वर्षांच्या मुलाला पहाटे आकडी आली ती अर्धा तास थांबलीच नव्हती. शहरातील दवाखान्यातून तो सुखरूप परतला होता. पण आईने माझ्यापुढे एक कागद धरला. "फादर, रक्तात मेंदूचा मार दिसतो म्हणे. पोर आता शाळेत मागे पडणार का हो?" तो कागद समजून घेण्यास मलाही डॉक्टरांकडे दोनदा जावे लागले. जे समजले ते वाचकांसाठी येथे देत आहे.

आकडी म्हणजे मेंदूच्या पेशींत एकाच वेळी उसळलेली विजेची अनावर लाट. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप शमतात. पाच मिनिटे उलटली की ती आपण होऊन थांबण्याचा संभव कमी होतो आणि अर्ध्या तासापुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. हे दोन टप्पे जागतिक अपस्मार-तज्ज्ञांच्या संघाने २०१५ साली ठरवून दिले. श्वास कोंडल्यामुळेच ही इजा होते, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. १९७३ मध्ये ब्रायन मेल्ड्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांचे स्नायू औषधाने सैल करून, कृत्रिम श्वास चालू ठेवून पाहिले. तरीही दीर्घ आकडीनंतर आठवण साठवणाऱ्या भागातील पेशी मेलेल्या आढळल्या. म्हणजे लाट स्वतःच पेशीला थकवून मारते.

आता रक्ताकडे येऊ. बांध फुटला की शेतातली माती ओढ्यात उतरते, तसेच पेशी फुटल्या की त्यांच्यातील द्रव्ये थोडीफार रक्तात उतरतात. त्यांपैकी न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज हे चेतापेशींतील साखर जाळण्याच्या कामाचे विकर आहे. लांबलेल्या आकडीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत ते वाढलेले सापडते. एस-शंभर-बी हे आधारपेशींतून येते आणि लवकर ओसरते. न्यूरोफिलामेंट हा चेतातंतूच्या गाभ्यातला धागा. तो कित्येक आठवडे रक्तात दिसत राहतो.

पण ओढा गढूळ झाला म्हणून बांध कोणाचा फुटला ते कळत नाही! इनोलेज तांबड्या पेशींतही असते. सुई टोचताना किंवा नळी हलवताना त्या फुटल्या, तर आकडा उगाच फुगतो. एस-शंभर-बी चरबीतूनही येते, न्यूरोफिलामेंट वयाबरोबर वाढते. शिवाय मेंदूज्वर किंवा पक्षाघात हेच आकडीचे मूळ असेल, तर आकडा त्या रोगाचा की आकडीचा, हे कसे सांगावे? म्हणून डॉक्टर हा रिपोर्ट एकटा वाचत नाहीत. मेंदूचा आलेख, एम.आर.आय. आणि रोग्याची चालचलणूक यांच्याशी तो ताडून पाहतात.

त्या आईच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत शेरा होता: नमुन्यातील तांबड्या पेशी फुटलेल्या. कोणीही तिला तो वाचून दाखवला नव्हता. मला याचा राग आला, हे लपवत नाही.

रक्ताच्या आकड्यापेक्षा घड्याळाचा आकडा अधिक मोलाचा. आकडी येताच वेळ पाहावी, रोग्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात जाणारा वेळ फुकट जातो. पाच मिनिटे झाली की गाडी बोलवावी. नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा डॉक्टरांनी दिलेला असेल, तर तो त्यांनी सांगितल्याप्रमाणे तेव्हाच मारावा. "आता बरे आहे" म्हणून गोळ्या एकाएकी बंद करणे हे आकडी लांबण्याचे एक नेहमीचे कारण आहे. त्या घरीही तेच घडले होते. पेरणीच्या गडबडीत चार दिवस गोळी राहिली होती.

मुलगा सध्या शाळेत जातो. पाढे पूर्वीसारखे म्हणतो, असे त्याच्या बाई सांगतात. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.