स्वयंपूर्ण वस्तीसाठी भूमीची पारख

शहर सोडून खेड्यात राहावे, आपले धान्य आपण पिकवावे, पाणी व वीज यांसाठी दुसऱ्यावर विसंबू नये, असा विचार आज अनेक कुटुंबांत बोलला जातो. विचार स्तुत्य खरा. परंतु त्याचे यश भूमीच्या निवडीवर अवलंबून असते. आपल्या सीमाभागाच्या उदाहरणाने ही निवड कशी करावी ते पाहू.

पहिली कसोटी पाण्याची. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीस अतिवृष्टी होते. तेथून चिकोडीकडे येताना पाऊस झपाट्याने घटतो. श्रावणातील खानापूरचे हिरवे रान मन मोहून टाकते. पण जांभ्या जमिनीतून पाणी लवकर निथळते. म्हणून विहिरीचा तळ वैशाखात पाहावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. ५० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस झाल्यास ३५,००० लिटर पाणी येईल. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज ५० लिटर धरले, तर कोरड्या २४० दिवसांस १२,००० लिटर पुरतील. तेव्हा टाके असेल तर थोडा पाऊसही तारतो; नसेल तर अतिवृष्टीही वाहून जाते.

दुसरी कसोटी मातीची व पिकांची. निपाणी भागातील काळी जमीन ओल धरते. तीत ज्वारी, हरभरा चांगला येतो. तंबाखू पैसा देतो, पण पोट भरीत नाही, आणि त्याचा भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांना भावासाठीच रस्त्यावर बसावे लागले होते. म्हणून आधी धान्य, मग नगदी पीक.

तिसरी कसोटी हक्काची. २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात बिगरशेतकऱ्यासही शेतजमीन घेता येते. तथापि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो. तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. भीमगड अभयारण्यालगत वनखात्याचे निर्बंधही तपासावेत.

चौथी कसोटी शेजाराची. आषाढात आकाश झाकोळले की सौर दिवा मंदावतो. गोबर गॅसला गुरे लागतात, आणि गुरांना राखण. एकट्या घराला हे सारे पेलत नाही. हुक्केरीच्या ग्रामस्थांनी १९६९ मध्ये विजेसाठी सहकारी संस्था उभारली, ती याच जाणिवेने. स्वयंपूर्णता म्हणजे एकलकोंडेपणा नव्हे. म्हणून जमीन पाहण्यास जाल, तेव्हा बांधापलीकडील शेजाऱ्याशीही अवश्य बोलून या.