प्रक्षाळपूजेचा काढा : परंपरा व कृती

प्रक्षाळपूजेच्या रात्री श्रींस काढ्याचा नैवेद्य दाखविला जातो, त्या वेळी उपस्थित असणारे बहुतेक भाविक दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन दोन प्रश्न विचारतात. देवाला काढा कशासाठी, आणि तो घरी करता येईल काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकदा विस्ताराने द्यावे, या हेतूने हे टिपण लिहिले आहे.

या उपचाराचे मूळ पंढरपूर येथे आहे. आषाढी व कार्तिकी यात्रेच्या काळात तेथे देवाचा पलंग काढला जातो आणि श्रीविठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन चोवीस तास खुले राहते. देव निद्रा घेत नाहीत, भक्तांसाठी उभे राहतात. उभे राहून शीण येऊ नये म्हणून श्रीविठ्ठलाच्या पाठीशी लोड व रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या देतात. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. श्रींच्या चरणांस लिंबू-साखर लावतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, पलंग पुन्हा जागेवर येतो आणि रात्री शिणवटा घालविणारा काढा अर्पण होतो. चालून आलेल्या वारकऱ्याइतकाच त्याची वाट पाहणाराही दमतो, हा भाव यामागे आहे. जगन्नाथपुरीसही ज्येष्ठातील स्नानपौर्णिमेनंतर देवांना ज्वर आला असे मानून पंधरवडाभर एकांतात ठेवतात व औषधोपचार करतात. आमच्या लहानशा देवस्थानाने पंढरीचा हा उपचार पूर्वजांच्या काळापासून आपलासा केला आहे.

आता कृतीविषयी. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण पाण्यात उतरविण्याचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी क्वाथ म्हणजे काढा. शार्ङ्गधरसंहितेत भरड द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते अष्टमांश उरेपर्यंत आटविण्यास सांगितले आहे. दुसरा प्रकार फांट. यात द्रव्य उकळावयाचे नसते, उकळते पाणी त्यावर ओतून थोडा वेळ मुरू द्यावयाचे असते. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे घरोघरचा काढा बिघडतो. सुंठ, मिरे, दालचिनी, ज्येष्ठमध ही कठीण द्रव्ये उकळीवाचून गुण सोडीत नाहीत. उलट तुळस व गवती चहा यांचा गुण त्यांच्या सुगंधात असतो व तो खळखळ उकळीत वाफेबरोबर निघून जातो. म्हणून एकाच पातेल्यात दोन्ही रीती साधाव्या लागतात.

चार माणसांसाठी चार वाट्या पाणी घ्यावे. त्यात सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून, पाच-सहा मिरे, दालचिनीचा लहान तुकडा, दोन लवंगा, दोन वेलदोडे व ज्येष्ठमधाची अर्ध्या पेराएवढी काडी घालावी. मंद आचेवर, झाकण न ठेवता, तीन वाट्या उरेपर्यंत उकळावे. भांडे खाली उतरवून दहा-बारा तुळशीची पाने व गवती चहाची दोन पाती चुरून टाकावीत आणि आता मात्र झाकण ठेवावे. पाच मिनिटांनी गाळून चवीपुरता गूळ व किंचित जायफळ घालावे. भांडे पितळी असल्यास कल्हई पाहून घ्यावी. शास्त्रोक्त क्वाथापेक्षा हा पुष्कळ सौम्य आहे, आणि तो तसाच असावा.

येथे एक प्रसंग सांगणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध माळकरी गृहस्थांनी काढ्याची कोरडी पुडी मागितली. मी श्रद्धेने मोठी पुडी बांधून दिली आणि "रोज घ्या, प्रसादच आहे" असेही बोलून गेलो. त्यांनी महिनाभर सकाळ-संध्याकाळ काढा घेतला. ज्येष्ठमध गोड लागते म्हणून घरच्यांनी ते बाजारातून आणून आणखी घातले. पुढे त्यांच्या पायांस सूज आली, रक्तदाब फार वाढला व त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. ज्येष्ठमध अधिक काळ व अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो, हे मला तेथील डॉक्टरांकडून कळले. ते गृहस्थ बरे झाले आणि मला एका शब्दानेही बोलले नाहीत. मला मात्र ते बोलणे अजून टोचते.

तेव्हापासून देवस्थान पुडी देत नाही. काढा प्रसाद म्हणून जागेवरच, लहान पेल्यात एकदा मिळतो. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवती भगिनींनी तीर्थाप्रमाणे थेंबभर घ्यावा अथवा केवळ नमस्कार करावा. त्याने सेवेत न्यून येत नाही. मधुमेही भाविकांसाठी बिनगुळाचे पातेले वेगळे असते, सेवेकऱ्यांस तसे सांगावे.

काढ्यासाठी द्रव्यदान करू इच्छिणाऱ्यांनी सर्व जिन्नस अख्खे द्यावेत, पूड स्वीकारली जात नाही. ज्येष्ठमधाच्या नावाखाली गुंजेची मुळेही विकली जातात व पूड झाल्यावर भेद ओळखणे कठीण होते. सुंठ किडलेली नसावी. तुळस व गवती चहा पूजेच्या दिवशी सकाळी ताजे आणावेत. जिन्नस कार्यालयात वजन करून घेतले जातात व त्याची पावती दिली जाते.