पदरी पडले, पवित्र झाले



गेल्या वर्षी आमच्या घरात लग्न होते. पुतणीच्या स्वागत समारंभासाठी साडी घ्यायला आम्ही पाच जण दुकानात गेलो. दुकानदाराने गादीवर साड्यांचा ढीग घातला. तीन तासांनंतर एक मोरपिशी साडी पसंत पडली. पैसे घेताना दुकानदार म्हणाला, "नाही आवडली तर आठ दिवसांत बदलून न्या. फक्त फॉल-पिको करू नका."

त्या एका वाक्याने आमचे आठ दिवस खाल्ले. रोज संध्याकाळी ती साडी पिशवीतून बाहेर यायची आणि रोज तोच प्रश्न निघायचा: "ती डाळिंबी रंगाचीच बरी होती का?" नवव्या दिवशी मुदत संपली. साडी फॉल-पिकोला गेली, ब्लाऊज शिवायला टाकला, आणि चर्चा आपोआप थांबली. लग्नाच्या दिवशी पुतणी ज्याला-त्याला सांगत होती की याहून चांगली साडी त्या दुकानात नव्हतीच. आमच्या थोरल्या आत्या हसून म्हणाल्या, "पदरी पडले आणि पवित्र झाले!"

ही म्हण आपण बहुधा सुस्कारा टाकून वापरतो. आता काय करणार, घ्या गोड मानून, असा तिचा सूर असतो. परंतु मनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत जे प्रयोग केले, ते पाहिले की या म्हणीत बरेच तथ्य आहे असे दिसते. तिला एक मर्यादाही आहे. आज आपण दोन्ही बाजू पाहू या.

1. दार उघडे राहिले की मन दारातच राहते

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी छायाचित्रणाचा छोटा वर्ग ठेवला. प्रत्येकाने आपल्याला जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या गोष्टींचे फोटो काढले आणि त्यांतले दोन आवडते फोटो स्वतः मोठे करून छापले. मग त्यांना सांगण्यात आले की एक फोटो तुमचा आणि एक आम्हाला द्यायचा.

काही विद्यार्थ्यांना सांगितले की निर्णय आत्ताच घ्या, नंतर बदलता येणार नाही. इतरांना सांगितले की काही दिवसांत मन बदलले तर फोटो बदलून घ्या. पुढे दोन्ही गटांना विचारले की तुमच्याकडे राहिलेला फोटो तुम्हाला किती आवडतो? ज्यांना बदलण्याची सोय नव्हती, त्यांना आपला फोटो अधिक आवडू लागला होता. ज्यांना सोय होती, त्यांना तो तितका आवडला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बदलण्याची मुभा असली-नसली तरी आवडीत फरक पडेल, असे विद्यार्थ्यांना आधी वाटतच नव्हते. उलट मुभा असलेलीच बरी, असे त्यांचे मत होते. म्हणजे ज्या गोष्टीने समाधान कमी होते, तीच आपण मागून घेतो.

असे का होते? गिल्बर्ट म्हणतात की शरीराला जशी रोगप्रतिकारशक्ती असते तशीच मनालाही एक असते. एखादी गोष्ट आता बदलणार नाही हे पक्के झाले की मन तिच्यातले चांगले शोधू लागते. परंतु दार किलकिले असेल तर मन हे काम हाती घेत नाही, ते तुलनाच करत बसते. हे काम आतल्या आत, आपल्या नकळत चालते. म्हणून आपल्याला त्याचा भरवसा वाटत नाही आणि आपण सगळी दारे उघडी ठेवायला धडपडतो.

2. पर्याय वाढले म्हणजे सुख वाढते का?

2000 साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा एक प्रयोग गाजला. कॅलिफोर्नियातील एका किराणा दुकानात त्यांनी जॅमची चव घेण्यासाठी टेबल मांडले. कधी टेबलावर 24 प्रकारचे जॅम असत, तर कधी फक्त 6 प्रकारचे. 24 प्रकार मांडले की जवळून जाणाऱ्या शंभरातले 60 लोक थांबत. 6 असले की 40 थांबत. पण थांबलेल्यांपैकी प्रत्यक्ष जॅम विकत किती जणांनी घेतला? 24 प्रकारांच्या वेळी शंभरात 3 जणांनी आणि 6 प्रकारांच्या वेळी शंभरात 30 जणांनी. बघायला गर्दी झाली, पण निवडवेना.

मात्र यावरून "पर्याय वाईट" असा नियम करणे चुकीचे ठरेल. 2010 साली अशा 50 प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले गेले, तेव्हा काहींत पर्याय वाढल्याने त्रास, तर काहींत फायदा दिसला आणि सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. आपल्याला काय हवे आहे हे आधीच ठाऊक असेल तर भरपूर पर्याय उपयोगीच पडतात. ते ठाऊक नसेल आणि वस्तूंची आपसांत तुलना करणे अवघड असेल, तर मात्र डोके चक्रावते. म्हणजे खरा प्रश्न दुकानात किती साड्या आहेत हा नाही. आपण घरून काय ठरवून निघालो, हा आहे.

3. "सर्वांत उत्तमच हवे"

हर्बर्ट सायमन या विचारवंताला 1978 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस प्रत्येक वेळी सर्वोत्तम शोधत बसत नाही, आपल्या गरजेला पुरेसे चांगले मिळाले की थांबतो, हे त्यांनी 1956 सालीच मांडले होते. पुढे बॅरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की काही माणसे थांबणारी असतात, तर काही "सर्वांत उत्तमच हवे" म्हणून शोधतच राहणारी.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातील नोकरी शोधणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा मागोवा घेण्यात आला. "सर्वांत उत्तमच हवे" म्हणणाऱ्यांना इतरांपेक्षा सुमारे 20 टक्के अधिक पगाराची नोकरी मिळाली. तरीही आपल्या नोकरीबद्दल तेच कमी समाधानी होते. नोकरी शोधण्याच्या काळात ते अधिक चिंतेत होते आणि अधिक थकले होते. पगार वरचा मिळाला, पण मन हातून गेलेल्या नोकऱ्या मोजत राहिले.

दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या घरांत काय चालते ते आठवा. मुलाला प्रवेश मिळतो, तो कॉलेजात जाऊ लागतो, आणि आपण मात्र जेवणाच्या ताटावर म्हणत राहतो, "दोन टक्के अजून पडले असते तर ते दुसरे कॉलेज मिळाले असते." मुलाने निवडलेले दार आपणच रोज उघडून ठेवतो. मग त्याचे मन नव्या वर्गात कसे रमणार?

4. पण निवड आपली हवी

आता या म्हणीची मर्यादा. "पदरी पडले" हे शब्द अनेकदा अशा माणसाला ऐकवले जातात, ज्याला मुळात कोणी काही विचारलेच नव्हते.

1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले गेले की तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा ते तुम्ही ठरवा. हवे तर एक रोप निवडा, त्याची काळजी तुम्हीच घ्या. सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावरच्या वृद्धांनाही रोप मिळाले, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. सिनेमाचा दिवसही ठरवून दिला होता. तीन आठवड्यांनंतर पाहिले तर पहिल्या गटातील 93 टक्के वृद्धांची स्थिती सुधारलेली होती. ते अधिक आनंदी होते, इतरांत मिसळत होते. दुसऱ्या गटात 71 टक्के अधिक खालावले होते. काळजी दोन्हीकडे घेतली जात होती. फरक एवढाच की एकीकडे त्यांना विचारले गेले होते.

आपल्या घरातले आजी-आजोबा डोळ्यांपुढे आणा. आपण त्यांना औषध वेळेवर देतो, जेवण हातात देतो, रिक्षाने चर्चला आणतो. पण आज भाजी कोणती करू, मिस्साला कोणती साडी नेसणार, खाट खिडकीपाशी लावू का, हे त्यांना शेवटचे कधी विचारले? तरुणांसमोर नको इतके पर्याय आणि वृद्धांसमोर एकही नाही, अशी आपल्या घरांची अवस्था आहे. "त्यांना काय कळते" असे म्हणून त्यांची छोटीशी निवडही काढून घेणे, याला आम्ही सेवा म्हणणार नाही.

5. आधी मोकळेपणा, मग निश्चय

विवाहविधीत धर्मगुरू वधूवरांना आधी विचारतात की तुम्ही स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना आला आहात का? त्यानंतरच जन्मभराचे वचन घेतले जाते. आधी मोकळी निवड आणि मग बंद दार, हा क्रम किती शहाणपणाचा आहे हे वरील प्रयोगांवरून कळते. पहिली पायरी गाळून दुसरी लादली तर तिला समाधान म्हणता येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. फोटोचा प्रयोग फोटोपुरता होता. घरात मारहाण होत असेल, जिवाला वा मनाला गंभीर धोका असेल, तर "पदरी पडले" म्हणून सोसत राहा असे कोणीही सांगू नये. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही (कलम 1153) अशा वेळी वेगळे राहण्यास आधार आहे.

निवड करताना काय करावे? संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात सुचवलेला एक उपाय आजही कामाचा आहे. आपण कधी न पाहिलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आला आहे, अशी कल्पना करा. त्याला जो सल्ला द्याल तोच स्वतः पाळा. आणि मन खिन्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नका, असेही ते बजावतात. खिन्नतेत सगळी बंद दारे सुंदर दिसतात.

आमच्या पुतणीची ती साडी आता कपाटात आहे. तिला आम्ही परवा विचारले, "डाळिंबी साडी आठवते का गं?" ती म्हणाली, "कुठली डाळिंबी?"

घरी चर्चा करण्यासाठी

1. आपण घेतलेला असा कोणता निर्णय आहे, जो आपण अजून रोज उकरून काढतो?
2. मुलांच्या निवडीनंतर आपण त्यांना धीर देतो, की तुलना करत राहतो?
3. या आठवड्यात घरातील वृद्धांना कोणती एक गोष्ट त्यांच्या मनाप्रमाणे ठरवू देऊ?