समास बघून पवित्र शास्त्र घ्या

दृढीकरणाच्या वर्गातली पोरं हमखास विचारतात, “अभ्यासाचं बायबल कुठलं घेऊ?” त्यांना सांगते तेच तुम्हाला सांगते. छापलेल्या टिपा किती आहेत ते मागाहून बघा. तुमच्या टिपांना जागा किती आहे ते आधी बघा. पंडितांच्या टिपा दुसऱ्या पुस्तकात, फोनवर, कुठेही सापडतील. तुमच्या मात्र तुमच्याच प्रतीत असणार.

भाषांतर तुमच्या मंडळीत वाचतात तेच घ्या. रविवारी पाळकसाहेब जे शब्द वाचतील त्याच शब्दांखाली तुमची रेघ पडली पाहिजे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, १९२४ साली संपूर्ण निघालेलं भाषांतर मिळालं तर ताडून बघायला शेजारी ठेवा. पण लिहायची प्रत एकच असू द्या. कॅथलिक घरातल्यांनी ७३ पुस्तकांची प्रत मागावी. प्रॉटेस्टंट प्रतीत ६६ असतात.

मग कागद. बायबलचा कागद साधारण २८ ते ४० जीएसएमचा असतो; शाळेच्या वहीचा ६०च्या आसपास. त्यामुळे पलीकडचं थोडं दिसणारच. दुकानात स्तोत्रसंहिता उघडा आणि पान उजेडाकडे धरा. दोन्ही बाजूंच्या ओळी बरोबर एकीवर एक आल्या असतील तर छपाई काळजीने केलेली आहे. ओळींच्या मधल्या जागेत मागची अक्षरं डोकावत असतील तर वाचतानाच डोळे दमतील, लिहायचं तर दूरच.

समास बोटांनी मोजा. कडेला दोन बोटं तरी मोकळी हवीत. शिवणीकडचा समास बहुतेक जण बघत नाहीत. तो अरुंद असला की आतली अक्षरं दुमडीत जातात आणि तिथे पेन टेकवताच येत नाही. एका स्तंभात छापलेली प्रत लिहायला सोयीची. दोन स्तंभ असले तर आतल्या स्तंभातल्या वचनाची टीप बाहेरच्या समासात न्यावी लागते. तेव्हा टिपेआधी वचनाचा आकडा घाला.

बांधणी शिवलेली हवी, नुसती चिकटवलेली नको. उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून पुस्तक टेबलावर ठेवा आणि हात काढा. पान उघडं राहिलं तर घ्या. चामड्याच्या कव्हरावर पैसे घालण्याआधी एवढं तपासा.

आता छापलेल्या टिपा. त्या कोणी लिहिल्या, कुठल्या पंथाच्या माणसांनी लिहिल्या, हे प्रस्तावनेत वाचून घ्या. १५६०च्या जिनिव्हा बायबलच्या समासातल्या टिपा इंग्लंडच्या जेम्स राजाला खटकल्या, म्हणून १६११च्या भाषांतरात मूळ शब्दांचा खुलासा आणि संदर्भ यांपलीकडे समासात काही घालू दिलं नाही. टीप म्हणजे कुणाचं तरी मत असतं. ती पानाच्या तळाला, रेघेखाली, वेगळ्या टायपात असावी. अर्धं पान टिपांनी खाल्लेली प्रत असेल तर ती संदर्भाला घरी ठेवा आणि लिहायला दुसरी घ्या.

मराठीत रुंद समासाची प्रत मिळाली नाही तरी अडून बसू नका. अमेरिकेतले धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांना १७३० साली छापील पानांमध्ये कोरी पानं घालून शिवलेलं बायबल मिळालं. १७५८ साली वारले तोवर ते त्यात लिहीत राहिले. ती प्रत आज येल विद्यापीठात आहे. चांगला बाइंडर हे काम आजही करून देईल. मात्र सबंध ग्रंथात कोरी पानं घातली तर तो उचलवणार नाही. नवा करार तेवढा वेगळा बांधून घ्या. तेही जमत नसेल तर एक जाड वही घ्या, अध्यायागणिक पानं सोडा आणि बायबलात नुसता वहीच्या पानाचा आकडा टाका.

लिहायला एचबी पेन्सिल सगळ्यात बरी. शाई हवीच असेल तर पिग्मेंट शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या. जेल पेन आणि फाउंटन पेन पातळ कागदातून पाझरतात, बॉलपेन दाबलं की मागे वळ उठतात. रंगासाठी ओल्या हायलायटरऐवजी कोरडी रंगीत पेन्सिल वापरा. कुठलंही पेन आधी मागच्या शब्दसूचीच्या पानावर चालवून, पान उलटून बघा. चिकटचिठ्ठ्या पानांत कायमच्या ठेवू नका. गोंदाचा डाग राहतो.

काय लिहायचं? तारीख, संदेश कुणाचा, आणि एका ओळीत मुद्दा. न समजलेल्या वचनापुढे प्रश्नचिन्ह करा. उत्तर मिळेल तेव्हा तिथेच लिहा. पहिल्या वाचनात समास अर्ध्याहून जास्त भरू नका, कारण रोमकरांस पत्र विशीत वाचलेलं आणि पन्नाशीत वाचलेलं सारखं लागत नाही. आणि दुसऱ्याच्या घरातलं दुखणं, भांडण, कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट नावानिशी तिथे लिहू नका. ही प्रत उद्या तुमच्या मुलांच्या हातात जाणार आहे.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: भाषांतर, कागद, समास, शिवण, मग टिपा, आणि कव्हर सगळ्यात शेवटी. प्रत घरी आणली की कपाटात ठेवू नका. त्याच रात्री पेन्सिल घेऊन मार्कचा पहिला अध्याय वाचायला बसा.