बळ असूनही पाऊल चुकते तेव्हा

पूर्णगड, ता. रत्नागिरी

चि. पुतणीस,

फिजिओथेरपीच्या अभ्यासात आता मेंदूचे आजार येतील. त्याआधी एक आग्रह धरतो. हातपाय नीट चालत नाहीत म्हणजे ते अशक्त झाले, असे कधी गृहीत धरू नकोस. लहान मेंदू आकाराने एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या त्यात आहेत. स्नायूंना हुकूम सोडतो तो मोठा मेंदू. हालचाल ठरली होती तशी होते आहे का, हे लहान मेंदू पाहतो आणि पुढचा हुकूम दुरुस्त करतो. चटकन होणाऱ्या हालचालीत स्नायूंकडून खबर येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते, म्हणून परिणामाचा अंदाज त्याला आधीच बांधावा लागतो. मुचकुंदी नदीच्या मुखातून होडी आत घेणारा तांडेल लाट आदळण्याआधीच सुकाणू वळवतो, तसेच हे आहे. सुकाणू निकामी झाले तर इंजिनाचा जोर काय कामाचा?

याचा पुरावा पहिल्या महायुद्धाने दिला. डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी डोक्याच्या मागच्या भागात, जिथे लहान मेंदू असतो तिथे, गोळी लागलेले सैनिक तपासून १९१७ साली निरीक्षणे छापली. जखम ज्या बाजूला, त्याच बाजूचे हातपाय बिघडलेले. नाकाला बोट लावताना ते नाकाजवळ येता येता जास्त थरथरे किंवा पुढे निसटे. तळहात भराभर उलटसुलट करणे जमेना. त्यांच्या एका रुग्णाने सांगितले की चांगला हात आपसूक चालतो, पण बिघडलेल्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. तू म्हणशील, होम्स यांनी अशक्तपणाही नोंदवला होता. खरे आहे, ताज्या जखमेत स्नायू ढिले पडतात, जोरही काहीसा कमी होतो. पण बोट नाकापुढे निसटते ते जोर कमी पडला म्हणून नव्हे. नेम आणि वेळ चुकते, हा मूळ दोष आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर तुला पाठच असायला हवे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम केलेले डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांतला आनुवंशिक आजार मांडला. तोल जाणे, बोलणे अडखळणे हे होतेच. शिवाय एका वस्तूवरून दुसरीकडे नजर वळवताना या रुग्णांचे डोळे विलक्षण सावकाश सरकत. ही खूण लहान मेंदूची नव्हे, मेंदूच्या देठाची. म्हणजे बिघाड लहान मेंदूपुरता थांबलेला नव्हता. अशा अनेक घराण्यांतला दोष पुढे बाराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात सापडला. तो जनुक १९९६ साली ओळखला गेला. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरातला माणूस रस्त्यात झोकांड्या खाताना दिसला की लोक दारू प्यायला म्हणतात. हा अन्याय मला फार सलतो. दारूनेही लहान मेंदू बिघडतो, म्हणून ती शंका तपासावी. पण तपासण्याआधी निकाल देऊ नये.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. चुकांमधून शिकणारा भागच खराब झाला, तर व्यायामाने शिकवायचे कुणाला? उत्तर असे की बहुतेक रुग्णांत लहान मेंदूचा काही भाग शाबूत असतो आणि मोठा मेंदूही थोडी भरपाई करतो. २००९ साली जर्मनीत १६ रुग्णांना चार आठवडे तोल आणि समन्वयाचे कसून शिक्षण दिले, तेव्हा त्यांचे चालणे सुधारले. गट लहान होता आणि मूळ आजार त्याने बरा होत नाही, हे रुग्णापासून लपवू नकोस. तरी पडणे कमी झाले तर ती मिळकत मोठी आहे. नुसती वजने उचलायला लावून मात्र ती मिळत नाही.

आणि कुणाला अचानक गरगरून उलट्या होऊ लागल्या, उभे राहता येईना, तर पित्त म्हणून घरी थांबवू नकोस. लहान मेंदूतला पक्षाघातही असाच सुरू होतो. त्याला लगेच रुग्णालयात पाठव.

तुझा,
काका